मागची शिट्टी

उल्काबाईंनी शिट्टी ओठांशी नेली, खाली घेतली आणि ओढणीच्या टोकाने पुन्हा पुसली. ती मघाशीच पुसून झाली होती. मागे नववीची मुलं धुक्यात एकमेकांना ढकलत, खिदळत उभी होती आणि पुढे वेताळ टेकडीची वाट जुन्या खाणीच्या बाजूने वळून दिसेनाशी झाली होती. या वळणावर थांबायचं, शिट्टी द्यायची, मगच पुढे जायचं, हा शाळेच्या निसर्गफेरीचा शिरस्ता. तो घालून दिला होता बाईंनीच.

“मॅडम, मी वाजवू का?” सलिलने हळूच विचारलं. खेळाचा शिक्षक म्हणून तो यंदाच शाळेत लागला होता आणि आजच्या फेरीचा प्रमुख म्हणून त्याचंच नाव लागलं होतं. शिट्टी मात्र त्याने पायथ्याशीच बाईंच्या हातात दिली होती.

“दिली आहेत ना माझ्याकडे? मग वाजवू द्या की मला.”

बाईंनी एक लांब शिट्टी दिली. गवतातून एक मोर केकाटत उठला, मुलं दचकली आणि मग दचकल्याबद्दल एकमेकांना चिडवू लागली.

नारायण पेठेतल्या त्या शाळेत ही पद्धत जुनी. पुढे चालणाऱ्याने एक शिट्टी द्यायची आणि रांगेत सगळ्यात शेवटी चालणाऱ्याने दोन शिट्ट्यांनी उत्तर द्यायचं. त्या शेवटच्याला सगळे ‘शेपटी’ म्हणत. शेपटीने कुणालाही ओलांडायचं नाही, कुणी थांबलं तर आपणही थांबायचं. मागून दोन शिट्ट्या आल्या की सगळी मुलं आली असं समजायचं आणि पुढे निघायचं. एके काळी शेपटी व्हायला मुलं भांडायची. यंदा कुणी भांडलं नव्हतं.

उत्तर लगेच आलं. दोन शिट्ट्या आल्या. दुसरी शेवटाकडे थरथरली आणि विरत गेली.

“आली सगळी,” सलिल म्हणाला. “चला रे.”

“कुणी हलायचं नाही!”

बाई इतक्या मोठ्याने बोलल्या की खिदळणं तिथल्या तिथे थांबलं. ही थरथर त्यांच्या ओळखीची होती.

गेल्या डिसेंबरात शेपटी होती तनया. तेव्हा हीच मुलं आठवीत होती. याच वळणावर बाईंनी एक शिट्टी दिली होती, दोन आल्या होत्या, दुसरी अशीच थरथरत विरली होती, आणि बाई निश्चिंत मनाने पुढे निघाल्या होत्या. वर वेताळबाबाच्या देवळापाशी सगळी मुलं पोचली, तनया पोचली नाही. ती या वळणाच्या अलीकडे एका गिरिपुष्पाच्या झाडाला टेकून बसलेली सापडली, शिट्टी गळ्यात तशीच. तिच्या हृदयात जन्मापासून दोष होता आणि तो घरच्यांनाही ठाऊक नव्हता. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, ती खाली बसली तेव्हाच कुणाच्या लक्षात आलं असतं तर कदाचित. पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. तेव्हापासून ते ‘कदाचित’ बाईंच्या घरी मुक्कामालाच आलं.

शाळेने चौकशी समिती नेमली. तनयाच्या पुढे चालणारी तिची जिवलग मैत्रीण अपेक्षा रडत रडत म्हणाली की तनयाने शिट्टी वाजवलीच नाही, वाऱ्यात मागून काहीच ऐकू आलं नाही. पुढच्या मुलांचं लक्षच नव्हतं. बाई म्हणाल्या, दोन शिट्ट्या मी माझ्या कानांनी ऐकल्या. ऐकण्यात चूक झाली असं म्हणा, विषय मिटेल, असं समितीने गोडीत सुचवून पाहिलं. बाई म्हणाल्या, ऐकलं ते ऐकलं. मग फेऱ्या बंद झाल्या, त्या आज वर्षभराने पुन्हा सुरू होत होत्या. कुणी म्हणालं, बाई अंग काढून घेताहेत. कुणी म्हणालं, बाईंना भास झाला असेल, वय झालं. सगळ्यांत त्रासदायक होते ते विश्वास ठेवणारे. ते विचारायचे, मग वाजवली कुणी? आणि टेकडी कुणाच्या नावाची आहे ते आठवून गप्प बसायचे.

बाईंनी स्वतःला तोच प्रश्न वर्षभर विचारला होता. अलका चौकात हवालदाराने शिट्टी मारली तरी त्या दुसरीची वाट बघत स्कूटरवर तशाच थांबायच्या आणि मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून त्यांचा उद्धार करायचे. आपण खोटं बोलत नाही एवढंच त्यांच्याकडे उरलं होतं. ते त्यांनी घट्ट धरून ठेवलं होतं.

“सलिल, मुलांना इथेच बसवा. मी मागे जाऊन येते.”

रांगेच्या कडेने त्या खाली उतरल्या. धुक्यातून एकेक चेहरा जवळ येत होता आणि बाईंच्या चेहऱ्याकडे बघून गंभीर होत होता. रांगेच्या टोकाला शाळेचे शिपाई श्याममामा उभे होते आणि त्यांच्या शेजारी अपेक्षा. आज शेपटी व्हायला तिने आपणहून हात वर केला होता. वर्षभर ती बाईंच्या नजरेला नजर देत नव्हती. बाई खऱ्या असतील तर ती खोटी ठरत होती, आणि मुलं ते तिला अधूनमधून ऐकवायचीही.

शिट्टी तिच्या मुठीत होती. मूठ घट्ट मिटलेली.

“मी नाही वाजवली, बाई. वाजवणार होते, तेवढ्यात...”

“म्हणजे तूही ऐकलीस?”

अपेक्षाने मान हलवली. “खालून आली. झाडांतून.” तिचे ओठ पांढरे पडले होते. “बाई, तनया अशीच वाजवायची का हो? मला आठवतच नाहीये.”

“मीबी ऐकली,” श्याममामा म्हणाले आणि त्यांनी उगीच छातीला हात लावला. “खालच्या वाटेला कुणी नसतंय या वक्ताला. वर चला बाई, देवाला नारळ फोडू आणि जाऊ.”

“नारळ आणलाय तुम्ही?”

“नाही.”

“मग बसा इथे.”

बोलल्या खऱ्या, पण खालच्या पायवाटेला लागताना बाईंनी एकदा मागे वळून पाहिलं. गिरिपुष्पाच्या झाडांत धुकं अडकून बसलं होतं. दवाने भिजलेल्या पानांवरून चालताना पावलांचा आवाजही होत नव्हता. भुताखेतांवर त्यांचा विश्वास नव्हता. भूगोल शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता. पण झाडांत तनया बसलेली असती तर आपण पळालो नसतो, हे त्यांना त्या क्षणी लख्ख कळलं. आपण जवळ जाऊन विचारलं असतं, बाळा, तू वाजवली होतीस ना गं?

त्या थांबल्या. हातातली शिट्टी त्यांनी ओठांत धरली आणि अगदी हळू, एकदाच फुंकली.

दोन शिट्ट्या आल्या. जवळून, डावीकडून. दुसरी थरथरली.

एका खडकावर माकडटोपी घातलेले एक वृद्ध गृहस्थ बसले होते. पायांत कॅनव्हासचे बूट, मांडीवर काठी, गळ्यात लाल नाडीला बांधलेली शिट्टी. बाईंनी त्यांना लगेच ओळखलं. तनया गेल्यावर तिच्या घरी भेटायला गेल्या होत्या तेव्हा हेच गृहस्थ खिडकीपाशी बसून होते आणि कुणाशी एक शब्द बोलले नव्हते. तनयाचे आजोबा, बाळ लिमये.

“अहो बाई, तुम्ही होय!” त्यांनी टोपी कानांवरून वर सरकवली. “मला वाटलं एखादं कार्टं येतंय.”

“शिट्टी तुम्ही वाजवलीत?”

“नाही, वेताळाने. त्याला हल्ली पेन्शन लागू झालंय, सकाळी फिरायला येतो.”

बाईंना हसू आलं नाही. त्या समोरच्या दगडावर बसल्या.

“घाबरवलं का मी तुम्हाला?” आजोबांचा स्वर बदलला. “माफ करा हं. माझं रोजचं आहे हे. स्कूटर खाली लावायची, इथवर यायचं, बसायचं. मित्रमंडळी वर देवळापर्यंत जातात. मला ती पुढची चढण आता नको वाटते.”

“ही शिट्टी तुमच्याकडे कशी?”

“तनयाने दिलेली.” त्यांनी ती तळहातावर घेतली. “एका पावसाळ्यात इथे पाय घसरून पडलो होतो. हाका मारल्या, पण कोण ऐकतंय? कुणीतरी येईपर्यंत भिजत बसलो. घरी आल्यावर कार्टीने आधी मला झापलं आणि मग दुकानात जाऊन तुमच्या शाळेच्या शिट्टीची जुळी घेऊन आली. म्हणाली, आजोबा, एक वाजली म्हणजे ‘कुठे आहात?’ आणि दोन म्हणजे ‘इथेच आहे, बरा आहे.’ सगळ्या घराला शिकवलं. मी न्हाणीघरात असलो तरी बाहेरून एक वाजवायची आणि मी आतून दोन. सूनबाई वैतागायची.”

ते हसले, मग हसायचे थांबले.

“तुम्हाला एक सांगू? घरी नाही बोललो मी हे. तिचं नाव निघालं की सूनबाई उठून स्वयंपाकघरात जाते. मुलगा पेपर उघडतो. मग बोलायचं कुणाशी?”

“सांगा ना.”

“त्या दिवशी मी इथेच होतो. या खडकावर.”

बाईंनी दगडाची कड धरली.

“आदल्या रात्री जेवताना म्हणाली, उद्या आमची फेरी आहे टेकडीवर आणि मी शेपटी आहे. मी शिट्टी वाजवीन, तुम्ही खालून उत्तर द्यायचं, मैत्रिणींची गंमत करू. म्हटलं, देईन. सकाळी येऊन बसलो कान टवकारून. आणि वाजवली हो तिने! एकच, लांब. मी लगेच दोन दिल्या. पुन्हा काही वाजेना, तेव्हा म्हटलं, गेली पुढे नाचत. खूश होऊन घरी गेलो, चहा टाकला आणि फोन आला.”

झाडावरून दवाचे थेंब पडत होते. बाई ते ऐकत राहिल्या. सगळं इतकं सरळ होतं. शिट्टी आली होती. कान शाबूत होते, डोकं ठिकाणावर होतं. वर्षभर ज्या दोन शिट्ट्यांनी त्यांना झोपू दिलं नव्हतं त्या वाजवणारा माणूस समोर माकडटोपी घालून बसला होता. तनया झाडाला टेकून बसली होती तेव्हा, तिच्या वतीने, तिच्या आजोबांनी सांगितलं होतं की ती बरी आहे. आणि ती एक लांब शिट्टी तनयाची नव्हतीच. ती उल्काबाईंची होती.

एक वाक्य पुरे होतं. ते बोललं की वर्षभराचं ओझं उतरणार होतं. बाईंना ते बोलायचं होतं, अगदी मनापासून बोलायचं होतं. डॉक्टरांचं ते ‘कदाचित’ आपल्या घरातून उचलून दुसऱ्या कुणाच्या दारात ठेवायला कुणाला आवडणार नाही?

“तिनेच वाजवली ना हो?” आजोबांनी विचारलं. “शिट्टी शेपटीकडेच असते ना? मी आपला धरून बसलोय की आमचं शेवटचं बोलणं झालं म्हणून. तिने विचारलं आणि मी सांगितलं. तेवढ्यावर चाललंय माझं. उगीच भलतं धरून बसलो नाही ना?”

ते उत्तरासाठी बाईंच्या तोंडाकडे बघत होते. शाळेतली मुलं निकालाच्या दिवशी बघतात तसे.

“तिनेच वाजवली,” बाई म्हणाल्या.

“आणि माझं उत्तर? गेलं असेल ना तिच्यापर्यंत? त्या दिवशी वारा होता.”

“दोन शिट्ट्या आल्या होत्या. मी ऐकल्या, आजोबा. मी पार पुढे होते, तरी मला ऐकू आल्या. म्हणजे तिलाही आल्या असणारच.”

“तुम्ही ऐकल्यात?”

“माझ्या कानांनी.”

आजोबांनी डोळे मिटून मान हलवली. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. वर्षभरात हे वाक्य बाईंनी कितीजणांना सांगितलं होतं. ते खरं मानणारा पहिला माणूस आज भेटला होता. बाईंचेही डोळे भरून आले आणि त्यांनी येऊ दिले.

थोड्या वेळाने आजोबांनी घसा खाकरला. “आज तुमची शिट्टी ऐकली आणि हात आपोआप गेला बघा. तुमच्या मुलांचा घोटाळा होत असेल तर नाही वाजवणार यापुढे. तसं सांगा.”

“घोटाळा कसला? वाजवा तुम्ही. आम्ही खूण बदलतोय, नाही तरी.”

“असं? आता काय, मोबाईलवर शिट्ट्या मारणार?”

या वेळी बाई हसल्या. त्यांनी आजोबांना हात देऊन उठवलं, खालच्या सपाट वाटेपर्यंत सोडलं आणि परत वर चढल्या.

वळणावर सगळी मुलं चिडीचूप बसली होती. सलिल पुढे आला. अपेक्षा आणि श्याममामाही रांग सोडून वर येऊन उभे होते.

“कोण होतं, मॅडम?”

“फिरायला येतात एक गृहस्थ. पडलं-झडलं तर असावी म्हणून शिट्टी बाळगतात.”

श्याममामांनी मोठा सुस्कारा सोडला. सलिल मात्र क्षणभर बघत राहिला आणि एकदम त्याचा चेहरा उजळला.

“मॅडम! म्हणजे गेल्या वर्षीपण तेच! तुम्ही बरोबर होतात. आपण त्यांचं नाव घेऊ, समितीसमोर बोलावू. सगळं क्लिअर होईल, एकदम सिंपल आहे.”

“गेल्या वर्षी ते टेकडीवर नव्हते. विचारलं मी.”

“पण मॅडम...”

“सलिल, माझी ऐकण्यात चूक झाली होती. समितीला तसं सांगून टाकणार आहे मी. पुढच्या फेऱ्या तुम्ही न्या. छान न्याल तुम्ही.”

बाई अपेक्षाकडे वळल्या. तिच्या स्वेटरच्या बाहीला कुसळं चिकटली होती. ती एकेक काढत त्या बोलत राहिल्या.

“तू खरं सांगितलं होतंस. तनयाने शिट्टी वाजवली नव्हती. मी सगळ्यांसमोर उलटं बोलत राहिले आणि तुला खोटं पाडलं. शाळेत सगळ्यांसमोरच सांगेन मी हे.”

कुसळं संपली तरी अपेक्षाने हात मागे घेतला नाही. वर्षभराने तिने मान वर करून बाईंकडे सरळ पाहिलं, आणि बाईंना वाटलं, एवढ्यासाठीसुद्धा हे सगळं परवडलं.

“मी मागे वळून बघायला हवं होतं, बाई,” ती अखेर म्हणाली.

“ते तुझं काम नव्हतं. मागे बघायचं काम माझं होतं.” बाईंनी तिच्या गळ्यातली शिट्टी सरळ केली. “आता ऐक. आजपासून शेपटीने दोन नाही, तीन वाजवायच्या.”

“तीन का?”

“मी सांगते म्हणून.”

“आणि दोनच ऐकू आल्या तर?”

“तर कुणी जागचं हलायचं नाही. त्या पूर्ण होऊ द्यायच्या आणि मग तीनची वाट बघायची.”

अपेक्षाने बाईंकडे पाहिलं, मग खालच्या झाडीकडे पाहिलं. आणखी काही न विचारता ती रांगेच्या टोकाकडे निघाली आणि श्याममामा तिच्यामागून गेले. मुलं उठली, पाठपिशव्या चढवल्या गेल्या, कुणीतरी कुणाच्या तरी पायावर पाय दिला आणि पुन्हा हलकं खिदळणं सुरू झालं. सलिल बाईंच्या शेजारी येऊन उभा राहिला.

बाईंनी शिट्टी ओठांत धरली आणि एक लांब फुंकर घातली.

खालून, आता बऱ्याच लांबून, दोन शिट्ट्या आल्या. दुसरी थरथरत थरथरत धुक्यात विरत गेली. रांगेतलं एकही मूल हललं नाही. बराच वेळ नुसती शांतता होती.

मग रांगेच्या टोकाकडून तीन शिट्ट्या आल्या, एकामागून एक, खणखणीत.

“आली सगळी,” उल्काबाई म्हणाल्या आणि वळणावरून पुढे निघाल्या.